पाळीव साप घेताना-विकताना : आधी जन्मदाखला, मग रंग

वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, पनवेल या पट्ट्यात शोभेचे मासे, लव्हबर्ड, ससे, मांजरे यांची दुकाने चालविणारे आणि त्या दुकानांना काचेच्या टाक्या, पिंजरे, लाकडी घरे पुरविणारे कारागीर यांत आपले अनेक बांधव आहेत. अलीकडे या दुकानांत एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. ते मासे पाहात नाही, पोपट पाहात नाही. मोबाईलवर पिवळ्या-पांढऱ्या सापाचा फोटो दाखविते आणि विचारते, हा मिळेल का, किती दिवसांत आणून द्याल? दुकानदाराला मोह पडतो. माल लहान, जागा कमी, आवाज नाही, दुर्गंधी नाही, खाणे आठवड्यातून एकदा आणि रंग दुर्मीळ असला तर किंमत भरमसाट. धंद्याच्या नजरेने पाहिले तर याहून सोयीचा जीव नाही असेच वाटते. म्हणूनच हा विषय या पानावर घेत आहोत.

साप पाळावा की पाळू नये, या वादात आम्ही फार शिरणार नाही. ज्याला घ्यायचाच आहे आणि ज्याला विकायचाच आहे, त्या दोघांनी काय पाहावे एवढेच सांगायचे आहे. आमचे म्हणणे असे की, सापाची तब्येत आणि सापाचे कागद या दोन वेगळ्या गोष्टी समजू नयेत. ज्याचा जन्म कोठे झाला हे विकणाऱ्याला सांगता येत नाही, तो साप पुष्कळदा आजारीही निघतो. कारण दोन्हींचे मूळ एकच असते, तो ज्या वाटेने आला ती वाट.

देशी सापाचा विचार सोडा

आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे. आपल्या रानातला, शेतातला, पारसिकच्या डोंगरातला कोणताही साप पाळीव म्हणून ठेवता येत नाही आणि विकता तर मुळीच येत नाही. धामण बिनविषारी आहे, मांडूळ चावत नाही, मग हरकत काय, असे विचारणारे भेटतात. हरकत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आहे. या कायद्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. नाग, घोणस, धामण हे नेहमीचे सापसुद्धा आता पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहेत. अजगर तर आधीपासूनच होता. पहिल्या परिशिष्टातील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

मांडुळाबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. त्याची शेपटी बोथट असते, डोक्यासारखी दिसते, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. यावरून गुप्तधन, पैशांचा पाऊस, असाध्य रोगावरचे औषध अशा कहाण्या पसरल्या आणि मांडूळ वजनावर विकले जाऊ लागले. मांडूळ विकायला आलेले लोक हॉटेलच्या पार्किंगमध्ये पकडले गेल्याच्या बातम्या ठाणे-रायगड भागातून वर्षानुवर्षे येत आहेत. त्यात मधला दलाल म्हणून एखादा लहान दुकानदार किंवा रिक्षावाला अडकतो. ज्याने सौदा जमविला तो नामानिराळा राहतो. गुप्तधनासाठी मांडूळ घेणारा माणूस धंद्यात तर फसतोच, अकीद्यातही घसरतो. हे आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज पडू नये, पण पडते.

विदेशी म्हणजे नेमके कोणते

पाळीव साप म्हणून जगभर जे चालतात त्यांत दोन नावे पुढे आहेत. एक बॉल पायथन आणि दुसरा कॉर्न स्नेक. दोन्ही बिनविषारी आहेत. बॉल पायथन मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेचा. भ्याला की डोके आत घेऊन चेंडूसारखे वेटोळे करतो, त्यावरून हे नाव. जन्मतः साधारण ५० ते ८० ग्रॅमचा, पुढे तीन ते पाच फुटांचा होतो. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, अंगाने सडपातळ, चपळ, केशरी-तांबड्या ठिपक्यांचा. पाळणाऱ्याच्या दृष्टीने कॉर्न स्नेक अधिक सोपा, कारण तो खायला कुरकुर करीत नाही.

बॉल पायथनचा आजचा बाजार रंगांवर उभा आहे. १९९२ साली अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी पांढऱ्या-पिवळ्या अल्बिनो बॉल पायथनची बंदिस्त पैदास करून दाखविली आणि तेव्हापासून एकेका रंगाच्या जोड्या लावून नवे नवे नमुने काढण्याचा सपाटा सुरू झाला. आज एकाच जातीचा साप निव्वळ रंगामुळे कितीतरी पट महाग विकला जातो. कबुतरांच्या दर्दी लोकांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

पण यातच एक शब्दांचा खेळ आहे. आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या देशांत फार्म आहेत. तेथे रानातून गाभण माद्या किंवा अंडी गोळा करून आणतात, अंडी उबवितात आणि पिल्ले निर्यात करतात. व्यापारी त्यांना 'फार्ममध्ये जन्मलेली' म्हणतो आणि तसे पाहिले तर ते खोटे नाही. परंतु आई-बाप रानातले आहेत. खरा बंदिस्त पैदाशीचा साप म्हणजे ज्याचे आई-बापही पैदासकाराकडेच वाढले, तेथेच जोडी लागली, अंडी उबवणी यंत्रात ठेवली गेली आणि पिल्लू त्याच घरात पहिले खाणे खाऊन मोठे झाले. रानातून पकडलेल्या सापाच्या अंगावर गोचिडी, पोटात जंत आणि मनात भीती असते. तो पिंजऱ्यात तोंड आपटून घेतो, मेलेला उंदीर ओळखत नाही आणि महिनोन्महिने उपाशी राहतो. घरात जन्मलेला साप माणसाच्या हाताला सरावलेला असतो. किमतीत फरक दिसतो तो याचाच. स्वस्त साप घेणारा शेवटी डॉक्टरला पैसे देतो.

माल येतो कोठून

मुंबईच्या विमानतळावर काय सापडते ते पाहिले की स्वस्त सापांचे रहस्य उलगडते. ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने एअर कार्गो संकुलात एक माल अडविला. कागदावर तो शोभेच्या माशांचा होता. पेट्या उघडल्या तेव्हा आत पायथन, सरडे, कासवे, इग्वाना असे ६६५ प्राणी निघाले आणि त्यांतले ११७ मेलेले होते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटे व केकच्या पाकिटांत लपविलेले ११ साप मिळाले; ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. म्हणजे आपल्या दुकानात गिऱ्हाईक ज्यांची नावे विचारते नेमके तेच. जून २०२५ मध्ये तर थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप सापडले.

यातला माशांच्या नावाखाली आलेला माल आम्हाला सर्वांत जास्त खटकतो. मासळीचा प्रामाणिक आयातदार यात विनाकारण बदनाम होतो आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक पेटीची तपासणी होऊन मासे मरतात. नुकसान कोणाचे, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

आता तर नवी मुंबईचा स्वतःचा विमानतळ झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. न्हावा-शेवा बंदर तर दाराशीच आहे. जसजशी ये-जा वाढेल तसतसे असे 'सामान' इकडच्या दुकानदारांना विचारले जाईल. कोणी पोरगा पाकिटात साप घेऊन येईल, निम्म्या किमतीत देतो म्हणेल आणि बिल नंतर देतो म्हणेल. केकच्या पाकिटात गुदमरून, पाण्यावाचून, थंड सामानकक्षातून आलेला तो जीव दोन दिवस तरतरीत दिसतो. त्याच्या नाकातून बुडबुडे यायला लागतात ते पैसे हातचे गेल्यावर.

कागद कोणते पाहायचे

परदेशातून जिवंत साप आणायचा तर परदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचे ना-हरकत पत्र लागते, पशु विलगीकरण केंद्राची तपासणी लागते. त्याशिवाय साइटिस नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत १९७६ पासून त्यात आहे. सर्व जातींचे पायथन आणि बोआ या कराराच्या यादीत येतात, त्यामुळे त्यांना साइटिसचाही परवाना हवा. प्रवाशाच्या बॅगेतून साप आणण्याची सोय कायद्यात कोठेच नाही. तेव्हा 'भाऊ दुबईहून घेऊन आला' हे वाक्य ऐकले की व्यवहार तेथेच संपवावा.

ज्यांच्याकडे आधीपासून विदेशी प्राणी होते, त्यांना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०२० मध्ये एक संधी दिली होती. सहा महिन्यांत स्वतःहून माहिती द्या, मूळ कागद विचारणार नाही. अनेकांनी नोंद केली. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने साइटिस यादीतले प्राणी कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात घातले आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांच्या नोंदणीचे नियम आले. हे प्राणी ज्याच्या ताब्यात आहेत त्याने 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करायची. जुन्या प्राण्यांसाठी सहा महिने मुदत होती, ती ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. आता नवा प्राणी ताब्यात आला की ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. पिल्ले झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, या प्रत्येक गोष्टीची नोंद करायची. याचा व्यवहारातला अर्थ असा की, खरा पैसेदार पैदासकार आणि खरा इमानदार पैदासकार यांत फरक करण्याचे साधन सरकारनेच आपल्या हातात दिले आहे. बॉल पायथन विकणाऱ्याकडे आई-बापाचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे आणि पिल्लाच्या जन्माची नोंदही. तो क्रमांक बिलावर लिहून मागा. कच्च्या चिठ्ठीवर साप घेऊ नका.

कॉर्न स्नेकची गोष्ट जरा वेगळी. तो साइटिस यादीत नाही, त्यामुळे चौथ्या परिशिष्टाची नोंदणी त्याला लागत नाही. याचा फायदा घेऊन काहीजण 'कॉर्नला काहीच कागद लागत नाही' असे सांगतात. हे अर्धसत्य आहे. वन्यजीव कायद्याची नोंदणी लागत नसली तरी सीमाशुल्क कायदा आहेच. विनापरवाना आणलेला माल तो कोणाच्याही ताब्यात असला तरी जप्त होतो. म्हणून हा साप भारतातच जन्मला हे दाखविणारे पक्के बिल, त्यावर अंडी फुटल्याची तारीख, पैदासकाराचे नाव व सही असलीच पाहिजे. उलट बाजूने, पिवळा धमक बर्मीज पायथन कोणी विदेशी म्हणून दाखवील. तो ईशान्य भारतातील जंगलात निसर्गतः आढळणारा साप आहे. रंग बदलल्याने तो विदेशी होत नाही, त्याला देशी वन्यजीवांचा कायदा लागतो.

दुकानदारांचा आणखी एक समज असतो की, दुकानाची नोंदणी आहे म्हणजे सर्व प्राणी विकता येतात. २०१८ च्या पेट शॉप नियमांखाली राज्य पशु कल्याण मंडळाकडे दुकानाची नोंदणी करावी लागते, हे खरे. पण त्या नियमांत पाळीव प्राणी म्हणून कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर वर्ग आणि पिंजऱ्यातले पक्षी यांची नावे आहेत. सापाचे नाव नाही. तेव्हा भिंतीवर लावलेले ते प्रमाणपत्र सापाच्या बाबतीत ढाल होणार नाही. आमचा सल्ला असा की, दुकानात साप मांडून ठेवू नये. गिऱ्हाइकाला नोंदणीकृत पैदासकाराकडे नेऊन द्यावे, व्यवहार त्या दोघांत थेट व्हावा आणि दुकानदाराने पेटी, दिवा, पाण्याचे भांडे यांच्या विक्रीवर कमवावे. नफा कमी, पण झोप चांगली लागते.

पैदासकार कसा ओळखावा

चांगला पैदासकार बोलका असतो आणि घाईत नसतो. तो आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो. घरात लहान मुले आहेत का, घरच्यांची संमती आहे का, वीज गेली तर काय कराल, उंदीर फ्रीजमध्ये ठेवू देतील का? हा शेवटचा प्रश्न आपल्या घरांत फार महत्त्वाचा, कारण पुष्कळ सौदे याच प्रश्नावर परत जातात आणि ते घेण्यापूर्वीच गेलेले बरे. त्याच्याकडे प्रत्येक सापाची चिठ्ठी असते. अंडे कधी फुटले, पहिली कात कधी टाकली, कोणत्या तारखेला काय खाल्ले, वजन किती झाले. बॉल पायथनची अंडी साधारण दोन महिन्यांत फुटतात. पिल्लू पहिली कात टाकल्यावर खायला लागते. पहिल्या काही वेळा नीट खाल्ल्याशिवाय पिल्लू विकणारा माणूस आपली जोखीम तुमच्या गळ्यात बांधतो.

आई-बाप दाखवा म्हणावे. दाखवायला कां-कूं करणारा, भेटायला घराऐवजी स्टेशनबाहेर बोलावणारा, साप बसच्या डिकीतून पार्सल करून पाठवितो म्हणणारा, दरवेळी वेगळ्या जातीचे मोठमोठे साप विकायला काढणारा, हे दलाल समजावेत. पैदासकाराकडे हंगामानुसार पिल्ले असतात आणि ती एकसारख्या वयाची असतात. पाच जातींचे पाच वयांचे साप एकाच माणसाकडे असतील तर त्याने ते गोळा केलेले आहेत. एपीएमसीत कांद्याची पारख करणाऱ्याला ही खूण लगेच समजेल; एका वावरातला माल आणि चार ठिकाणचा सावडलेला माल वेगळा दिसतोच.

हातात घेऊन तपासणी

आता प्रत्यक्ष साप. प्रथम तो ज्या खोलीत ठेवला आहे ती पाहा. वास घ्या. स्वच्छ सापाला जवळजवळ वास नसतो. पाण्याच्या भांड्यात डोकावून पाहा. तळाशी मोहरीहून बारीक काळे कण पडलेले असतील तर ती सापाच्या अंगावरची कीड बुडून मेलेली आहे. ही कीड हनुवटीच्या खालच्या चिरेत व डोळ्यांच्या कडेला लपते, रक्त पिते आणि एका सापावरून सगळ्या खोलीत पसरते. साप दोन मिनिटे पांढऱ्या कागदावर किंवा पांढऱ्या कापडावर ठेवावा, नंतर कापड पाहावे. काळे ठिपके चालताना दिसले तर त्या खोलीतला कोणताच साप घेऊ नये, कितीही देखणा असो. आधी हात धुऊन, कपडे बदलून मगच आपल्या दुकानातल्या इतर जनावरांकडे जावे.

साप हातात घेतला की त्याने हाताला विळखा घातला पाहिजे. अंगात ताकद जाणवली पाहिजे. दोरीसारखा लोंबणारा साप घेऊ नये. अंग गोलसर, भरीव हवे. पाठीचा कणा घराच्या कौलासारखा उंच आणि दोन्ही बाजू खोल गेलेल्या असतील तर तो उपाशी आहे. कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सुरकुती तशीच राहिली तर अंगात पाणी कमी आहे. बोट फिरवून कणा तपासा. मणक्यात वाक, गाठ, तुटल्याची खूण नको. पोटाकडचे खवले उलटून पाहा. तांबूस, तपकिरी, फोड आल्यासारखे असतील तर तो ओल्या घाणीत ठेवला होता. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा रोग फार होतो, कारण हवेतच दमटपणा असतो आणि पेटीला झरोके नसतात.

जीभ वारंवार बाहेर यावी, डोळे स्वच्छ असावेत. दोन्ही डोळे सारखेच निळसर-दुधी झाले असतील तर तो कात टाकण्याच्या बेतात आहे. तो आजार नव्हे, पण त्या दिवसांत सौदा करू नये, आठवड्याने यावे. एकच डोळा धूसर असेल तर जुन्या कातेचा पडदा अडकलेला असू शकतो. टाकलेली कात दाखवायला सांगा. निरोगी सापाची कात मोज्यासारखी अखंड निघते, तिच्यावर डोळ्यांच्या काचाही दिसतात. तुकडे तुकडे होऊन निघालेली कात म्हणजे हवेत ओलावा कमी किंवा साप अशक्त.

आता कान लावून श्वास ऐका. शिट्टी, खरखर, टिकटिक आवाज, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडे ठेवून मान वर करून बसणे, ही फुप्फुसाच्या रोगाची लक्षणे. बॉल पायथनमध्ये विषाणूमुळे होणारा श्वासाचा रोग फार चिवट असतो आणि शेजारच्या सापांनाही लागतो. तोंड उघडून दाखविण्याचे काम पैदासकारालाच करू द्या. आत स्वच्छ फिकट गुलाबी रंग हवा. हिरड्यांवर दह्याच्या कवडीसारखा पू, रक्ताचे ठिपके, चिकट लाळ असेल तर परत द्या. शेपटीच्या मुळाशी मलद्वार कोरडे व स्वच्छ हवे. तेथे घाण वाळून चिकटली असेल तर पोट बिघडलेले आहे. कॉर्न स्नेकच्या मधल्या भागात कायमची सूज असेल आणि तो खाल्लेले ओकत असेल तर तो घेऊ नका, त्यावर खात्रीचा इलाज नाही.

एक साधी परीक्षा राहिली. सापाला हळूच तळहातावर उताणा करा. निरोगी साप लगेच पालथा होतो. जो तसाच पडून राहतो, डोके आकाशाकडे करून टक लावतो, झोके खातो, त्याच्या मेंदूवर परिणाम झालेला आहे. पायथन-बोआमध्ये असा एक विषाणूजन्य रोग आहे, त्याला औषध नाही. येथे 'स्पायडर' नावाच्या रंगाबद्दल सांगितले पाहिजे. हा जाळीदार नक्षीचा बॉल पायथन दिसायला सुंदर असतो, पण या रंगाबरोबर डोके डोलण्याचा दोष जन्मतःच येतो. विकणारा सांगतो, हा तर याचा स्वभाव आहे. स्वभाव नव्हे, तो व्यंग आहे, आणि माहीत असून त्याची पैदास करणे आम्हाला पटत नाही.

शेवटी, खाताना पाहायला मागा. आधी मारलेला, गोठवून पुन्हा कोमट केलेला उंदीर चिमट्याने दिला आणि सापाने तो घेतला तर तो घरात वाढलेला आहे याची ही सर्वांत मोठी खूण. बॉल पायथन हिवाळ्यात कित्येक आठवडे खात नाही हे खरे असले तरी विकणाऱ्याची ती नेहमीची सबबही आहे. अशा वेळी वजनाची चिठ्ठी पाहावी. खाल्ल्यानंतर दोन दिवस साप हाताळू नये, म्हणून खाऊ घातलेला साप त्याच दिवशी घरी नेऊ नका. जिवंत उंदीर सोडून चारचौघांना तमाशा दाखविणे तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते, आणि उंदीर चावून सापालाही जखम होते.

पेटी करणाऱ्या कारागिरांसाठी

माशांची टाकी करणाऱ्याला वाटते, तीच टाकी सापाला चालेल. चालत नाही. वरून उघडणारी टाकी सापाला घाबरविते, कारण त्याच्या लेखी वरून येणारा हात म्हणजे घार. समोरून सरकणाऱ्या काचेची पेटी करावी. मोठ्या बॉल पायथनला चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच हे माप योग्य. दोन काचांच्या मधली फट करंगळीहूनही कमी असावी आणि काचेला कुलूप असावेच. साप जेथे डोके घालू शकतो तेथून सगळा निघून जातो. झरोके दोन बाजूंना, एक खाली व एक वर. प्लायवूडच्या आतल्या बाजूला पाणी न मुरणारा लेप द्यावा आणि सिलिकॉनचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी गिऱ्हाइकाला देऊ नये. खाली देवदाराचा सुगंधी भुसा घालू नये, त्याचे तेल सापाच्या फुप्फुसाला बाधते. कागद किंवा नारळाचा काथ्या बरा. उष्णतेसाठी एका टोकाला चटई आणि तिला थर्मोस्टॅट. एक टोक ३१-३२ अंश, दुसरे २६ च्या आसपास. थर्मोस्टॅटशिवाय चटई विकणारा इलेक्ट्रिशियन साप भाजण्याला कारण होतो. हे काम नीट शिकलेला सुतार वा काचवाला एका पेटीत जे कमावतो, ते साप विकणाऱ्याच्या जोखमीशिवाय कमावतो.

शरीअतच्या बाजूने

या व्यापाराबद्दल फकीहांत एकमत नाही. ज्यापासून काही लाभ नाही अशा सरपटणाऱ्या जिवांची विक्री शाफई मसलकात जायज मानत नाहीत. हनफी फकीहांनी उपयोग हा निकष लावून, उदाहरणार्थ औषधासाठी, काही वाव ठेवला आहे. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई आहेत, पनवेल-तळोजा-उरणकडचे बांधवही त्यात आले. केवळ शौकासाठीचा साप या लाभात बसतो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मुफ्तींना विचारूनच ठरवावे. हा प्रश्न दुकानाचे शटर उघडण्यापूर्वीचा आहे.

एका गोष्टीत मात्र मतभेद नाही. मालातला ऐब लपविणे हराम आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतले भिजलेले धान्य पाहतात आणि ते वर का ठेवले नाही असे व्यापाऱ्याला विचारतात, ही हदीस आपल्या प्रत्येक दुकानदाराने ऐकलेली आहे. न खाणारा साप 'नुकताच खाल्ला आहे' म्हणून देणे ही तीच भिजलेली रास. आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस पिंजऱ्यातल्या मुक्या जिवाला लागू पडते, मग तो जीव कोणाला आवडो न आवडो.

घेतल्यानंतर

घरी नेल्यावर आठवडाभर हात लावू नये, नवा साप जुन्या सापांपासून किमान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावा. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती साप देऊ नये, स्वयंपाकाच्या ओट्यावर त्याची भांडी धुऊ नयेत. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य कोठे आहे हे साप घेण्याआधी शोधून ठेवावे.

गिऱ्हाइकाला वयाचाही हिशेब सांगा. कॉर्न स्नेक १५ ते २० वर्षे, बॉल पायथन २० ते ३० वर्षे जगतो. अमेरिकेच्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये, साठी उलटल्यावर अंडी घातली होती. आज बारावीत असलेला मुलगा साप घेतो, उद्या शिक्षणाला किंवा आखातात नोकरीला जातो, आणि साप आईच्या गळ्यात पडतो. मग कोणीतरी सुचवितो, खारघरच्या डोंगरात सोडून द्या. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत असेच सुटलेले बर्मीज पायथन इतके वाढले की तेथील ससे, रॅकून दिसेनासे झाले. आपल्याकडे सोडलेला साप बहुधा मरेल, आणि जगला तर त्याचे रोग इथल्या सापांना देईल. ठेवणे अशक्य झाले तर ज्या पैदासकाराकडून घेतला त्यालाच परत विचारावे. चांगला पैदासकार परत घेतो, हे विकत घेतानाच बिलावर लिहून घ्यावे. दुसऱ्या कोणाला द्यायचा असल्यास 'परिवेश'वर हस्तांतरणाची नोंद केल्याशिवाय पेटी हलवू नये. आणि कोणी बिनकागदाचा साप दुकानासमोर डब्यात सोडून गेला, असेही घडू शकते, तर तो उचलून आत न ठेवता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्याच वेळी कळवावे आणि फोन केल्याची वेळ वहीत लिहून ठेवावी.